जागृतीची वाट आणि मनाची तयारी

१९३७ सालचा डिसेंबर. जम्मूमध्ये सरकारी कचेरीत कारकुनी करणारे ३४ वर्षांचे गोपी कृष्ण नेहमीप्रमाणे पहाटे ध्यानाला बसले होते. वयाच्या सतराव्या वर्षापासून त्यांचा हा नेम होता. त्या दिवशी मात्र धबधब्यासारखा आवाज कानात घुमला आणि पाठीच्या कण्यातून प्रकाशाचा प्रवाह मेंदूत शिरल्यासारखे त्यांना वाटले. आपण देहापुरते उरलो नाही, सगळीकडे पसरलो आहोत, असा तो अनुभव होता. ज्यासाठी सतरा वर्षे बसलो ते हेच, असे त्यांना क्षणभर वाटले असेल. पण पुढच्या काही दिवसांत झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, अंगाची आग होऊ लागली. बायको-मुलांविषयीचा ओलावा आटला आणि अकारण भीतीने मन ग्रासले. आपण वेडे होणार किंवा मरणार, अशी त्यांची खात्री झाली. साधू-संन्याशांकडे केलेल्या विचारणेतून काही निष्पन्न झाले नाही. या चक्रातून पुरते बाहेर यायला त्यांना सुमारे बारा वर्षे लागली.

गोपी कृष्ण यांनी हे सारे पुढे आत्मचरित्रात लिहिले. १९६७ मध्ये आलेले ते इंग्रजी पुस्तक जगभर वाचले गेले. त्यातला प्रकाश अनेकांना मोहवून गेला. पुढची बारा वर्षे मात्र फार थोड्यांनी नीट वाचली. आज ध्यानाचा प्रसार पूर्वी कधी नव्हता इतका झाला असताना, त्या बारा वर्षांकडे पाहण्याची वेळ आली आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. मोबाइलवर ध्यानाची अॅप आहेत, कंपन्यांमध्ये सत्रे होतात, शाळांमध्ये तास असतो. दिवसाकाठी दहा-वीस मिनिटे शांत बसण्याने बहुतेकांचे भलेच होते. ताण हलका होतो, झोप सुधारते. या लेखाचा विषय तो नाही. विषय आहे तो तीव्र साधनेचा: दहा-दहा दिवसांची मौनशिबिरे, तासन्‌तास ध्यान, उपास, जागरण, जोरकस श्वसनक्रिया आणि 'यातून काहीतरी मोठे घडणार' ही अपेक्षा. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. इगतपुरीचे विपश्यना केंद्र जगप्रसिद्ध आहे. कुंडलिनीचे सविस्तर वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. आणि घरातला एखादा तरुण शिबिराहून 'बदलून' आला, हे आता अनेक कुटुंबांनी पाहिलेले आहे. बहुतेकदा तो बदल चांगला असतो. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

आकडे काय सांगतात?

ध्यानाचे फायदे मोजणारी संशोधने शेकड्यांनी आहेत. त्रास मोजणारी त्या मानाने थोडी आहेत आणि त्यांतली बरीचशी अलीकडची आहेत. मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण ६,७०३ लोक होते. ध्यानाशी निगडित त्रासाचे प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले. सर्वाधिक तक्रारी चिंता आणि नैराश्याच्या होत्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत नियमित ध्यान करणाऱ्या १,२३२ जणांना, ध्यानामुळे विशेष अप्रिय अनुभव आला का, असे विचारले गेले. चौघांतल्या एकाने 'हो' म्हटले. त्याआधी १९९२ मध्ये डेव्हिड शापिरो यांनी शिबिरात बसणाऱ्या २७ अनुभवी साधकांना विचारले होते. त्यांपैकी १७ जणांनी किमान एक तरी वाईट परिणाम सांगितला आणि दोघांचा त्रास इतका होता की त्यांनी ध्यानच सोडले.

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी वेगळा मार्ग घेतला. त्रास झालेल्या ६० साधकांच्या त्यांनी दीर्घ मुलाखती घेतल्या. त्यांत स्वतः ध्यान शिकवणारेही होते. २०१७ मध्ये त्यांनी अशा अनुभवांचे ५९ प्रकार मांडले. भीतीचे झटके, निद्रानाश, अंगात वीज खेळल्यासारखी थरथर, प्रकाश दिसणे, आवाज ऐकू येणे, भावना बधिर होणे, जुने आघात अचानक वर येणे, 'मी' नावाचे काही उरलेच नाही असे वाटणे. काहींना हे काही दिवस झाले, काहींना कित्येक वर्षे.

हे आकडे जपून वाचायला हवेत. अप्रिय अनुभव म्हणजे आजार नव्हे. गुडघे दुखणे, रडू येणे, जुन्या आठवणींनी अस्वस्थ होणे हे साधनेत होतेच आणि बहुतेकदा ओसरतेही. ब्राऊनच्या अभ्यासात तर त्रास झालेलेच निवडले होते. त्यावरून प्रमाण काढता येत नाही. शिवाय आठ आठवड्यांच्या, माफक वेळाच्या आणि प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेल्या 'माइंडफुलनेस' वर्गांची तपासणी झाली, तेव्हा तिथे नुकसान झालेल्यांचे प्रमाण काहीच न केलेल्या गटापेक्षा जास्त आढळले नाही. म्हणजे ध्यान विषारी नाही. पण प्रत्येक प्रभावी गोष्टीप्रमाणे त्यालाही मात्रा आहे आणि घेणाऱ्याची प्रकृतीही पाहावी लागते. जिच्यात माणूस बदलण्याची ताकद आहे, तिच्यात कुणाला बिघडवण्याची ताकद मुळीच नाही, असे म्हणता येत नाही.

मेंदूवर नेमका ताण कशाचा?

तीव्र शिबिराकडे शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिले तर पाच-सहा गोष्टी एकदम घडत असतात. झोप कमी होते. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात; म्हणजे पडल्या पडल्या झोप लागली तरी साडेसहा तास मिळतात. अनेकांना ते पुरतात. पण नव्या जागी, मनात काहूर असताना झोप लागलीच नाही, तर हिशेब बदलतो. जागरणाचा मेंदूवरील परिणाम चांगला अभ्यासलेला आहे. २०१८ मधील एका आढाव्यानुसार, सलग जागे राहिल्यास निरोगी माणसालाही एक-दोन दिवसांतच वस्तूंचे आकार बदलल्यासारखे दिसू लागतात आणि पुढे भास, भ्रम सुरू होतात. थायलंडमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये ध्यानानंतर सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची अवस्था, आलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ध्यानापायी झोप तोडणे हे त्यामागचे मुख्य कारण असल्याचे त्यांनी म्हटले होते.

दुसरी गोष्ट एकांताची. १९५०च्या दशकात कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या चमूने विद्यार्थ्यांना चांगले पैसे देऊन काहीही न करता, डोळ्यांवर धूसर चष्मा आणि हातांवर आवरणे घालून नुसते पडून राहायला सांगितले. थोड्याच अवधीत अनेकांना आकृत्या आणि दृश्ये दिसू लागली. बाहेरून येणारी माहिती तुटली की मेंदू स्वतःच चित्रे तयार करू लागतो. बंद डोळ्यांसमोर प्रकाश दिसणे हे त्यामुळे वेडाचे लक्षण नाही. पण तेवढ्याने ती सिद्धीही ठरत नाही.

तिसरी गोष्ट श्वास. जोरजोरात आणि भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हातापायांना मुंग्या येतात, बोटे आखडतात, डोके हलके होते. शरीरात 'ऊर्जा' सळसळल्याचा भास होण्यास एवढे पुरेसे असते. अपस्मार किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी हा खेळ धोक्याचा आहे. यात उपासाची भर पडते, बोलायला माणूस नसतो, फोन काढून घेतलेला असतो. आणि मन सतत स्वतःकडेच वळवलेले असते. 'मी म्हणजे हे शरीर नाही, हे विचार नाहीत' हे तयारीने उमगले तर मोकळे करणारे असते. पण तेच अचानक, नको असताना अंगावर आले तर? आरशातला चेहरा परका वाटतो आणि जग काचेपलीकडे गेल्यासारखे होते.

सर्वांवर याचा सारखा परिणाम होत नाही. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस अथवा बायपोलर विकार आहे, ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले आहेत, ज्या स्त्रिया नुकत्या बाळंत झाल्या आहेत, जे गांजा ओढतात, किंवा जे शिबिरासाठी चालू औषधे परस्पर बंद करतात, त्यांच्यासाठी जोखीम मोठी असते. आणखी एक योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. सायकोसिस आणि बायपोलर विकार बहुधा वयाच्या सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान प्रथम डोके वर काढतात. 'आयुष्याचा अर्थ काय' या प्रश्नाने माणूस झपाटून बाहेर पडतो, तेही वय हेच.

परंपरेला हे ठाऊक होते

हा धोका आधुनिक डॉक्टरांनी शोधून काढला, असे समजण्याचे कारण नाही. फार खाणाऱ्याला योग साधत नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, फार झोपणाऱ्याला नाही तसा जागरण करणाऱ्यालाही नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातच बजावले आहे. जपानमधील हाकुइन हे झेन गुरू १८व्या शतकातले. अतिसाधनेने आलेल्या आजारपणाचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले. त्या आजाराला तिकडे 'झेनचा आजार' असेच नाव आहे. तिबेटी वैद्यकातही चुकीच्या किंवा अति ध्यानाने वात बिघडतो, असे मानतात आणि त्यावर विश्रांती, पौष्टिक आहार व साधना थांबवणे हा उपाय सांगतात.

जुन्या चौकटीत साधकाभोवती तीन कुंपणे होती. वर्षानुवर्षे ओळखणारा गुरू, यम-नियमांपासून सुरू होणारी संथ चढण आणि रोजचा प्रपंच. वारकरी परंपरेने तर साधना शेतात, घरात, माणसांच्या घोळक्यात ठेवली. आजच्या साधकाला यांतले काहीच न देता एकदम शेवटची पायरी विकली जाते. अर्ज ऑनलाइन, शिक्षक अनोळखी, शिबिर संपले की सोमवारी कार्यालय. एखाद्याचे मन उसवले तर ते पाहायला तिथे कुणी नसते.

साक्षात्कार की आजार?

घरच्यांपुढचा खरा पेच इथे असतो. याला वेगळा शब्द देण्याचा प्रयत्न १९८०च्या सुमारास झाला. त्याचा एक धागा महाराष्ट्रात येतो. गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या संपर्कात आलेल्या क्रिस्टिना ग्रोफ यांना कुंडलिनीसदृश तीव्र आणि दीर्घ अनुभवांतून जावे लागले होते. त्यांनी आणि त्यांचे पती, मानसोपचारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव्ह ग्रोफ यांनी अशा अवस्थेला आध्यात्मिक आणीबाणी म्हटले. क्रिस्टिना यांनी १९८० मध्ये अशा लोकांना मदत मिळावी म्हणून जाळेही उभारले. पुढे १९९४ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा स्वतंत्र उल्लेख आला. तो आजार म्हणून केलेला नव्हता. ज्यासाठी मदत लागू शकते अशी अडचण, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक विलक्षण अनुभवावर वेडाचा शिक्का मारू नये, हा त्यामागचा हेतू रास्त होता.

मात्र आपल्याकडे चूक बहुधा उलट्या बाजूने होते. गावातली सून असंबद्ध बोलू लागली की 'बाहेरचे' बघायला नेतात. शहरातला इंजिनिअर मुलगा रात्र-रात्र जागून 'मला आदेश येतात' म्हणू लागला की 'कुंडलिनी जागी झाली, हात लावू नका' असा सल्ला मिळतो. शब्द वेगळे, परिणाम एकच: उपचाराला उशीर. पहिल्या झटक्यात उपचार जितके लांबतात, तितके पुढे बरे होणे अवघड जाते, हे मानसोपचारात पक्के झालेले आहे. देशात आधीच ही दरी मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. त्यात श्रद्धेची भर पडली की दरी आणखी रुंदावते.

म्हणून 'हे दैवी की मानसिक' हा वाद आधी मिटवण्याची गरज नाही. अनुभव कुठून आला यावर वर्षभर चर्चा करता येईल. त्या माणसाचे आज काय चालले आहे, हे मात्र आजच पाहावे लागते. तो झोपतो का? जेवतो का? त्याचे बोलणे दुसऱ्याला कळते का? 'मला असे वाटले, पण कदाचित तसे नसेलही' एवढी मोकळीक त्याच्या मनात उरली आहे का? ज्याचा अनुभव पचला आहे, तो बहुधा अधिक शांत, अधिक मायाळू होऊन कामाला लागतो. ज्याचे भान सुटत चालले आहे, त्याची खात्री अढळ होत जाते. आपल्यावर विशेष कार्य सोपवले आहे, लोक आपल्याविरुद्ध आहेत, आवाज हुकूम देतात, असे तो सांगू लागतो. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, पैसे वाटून टाकणे, नोकरी एका दिवसात सोडणे ही तीव्र उन्मादाची सुरुवात असू शकते. सलग दोन-तीन रात्री झोप नसेल, अन्नपाणी सुटले असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा असेल तर वाट पाहू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. औषध घेतल्याने कुणाची साधना वाया जात नाही. झोप परत आली, मन स्थिर झाले की उरलेल्या अनुभवाचा अर्थ लावायला आयुष्य पडले आहे.

तयारी कशी असावी?

पहिले शिबिर दहा दिवसांचे असू नये. आधी रोज पंधरा-वीस मिनिटे, मग एखादा दिवस, मग दोन-तीन दिवस असे चढत जावे. अर्जातला मानसिक आजाराचा प्रश्न खरा खरा भरावा. विपश्यनेसह अनेक संस्था तो विचारतात, पण प्रवेश मिळणार नाही या भीतीने लोक माहिती लपवतात. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. घरात मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे असे काही नुकते घडले असेल तर मन आधीच सोललेले असते. अशा वेळी लांब मौन टाळलेले बरे. शिबिराच्या चालकांना चार प्रश्न बेधडक विचारावेत: त्रास झाला तर कुणाशी बोलायचे? मधूनच निघता येते का? जवळ डॉक्टर आहे का? परतल्यावर कुणी विचारपूस करते का? या प्रश्नांनी जो नाराज होतो, त्याच्याकडे न गेलेले बरे.

शिबिरात त्रास वाढू लागला तर 'अजून जोर लावा' हा सल्ला ऐकू नये. डोळे उघडावेत, चालावे, पोटभर गरम जेवावे, झोपावे, कुणाशी तरी बोलावे. परतल्यावर दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि मोठे निर्णय किमान महिनाभर पुढे ढकलावेत.

जबाबदारी एकट्या साधकाची नाही. भारतात औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. दहा दिवसांच्या मौनानंतर एखाद्याचे भान सुटले तर त्याची नोंद करणारी अशी राष्ट्रीय यंत्रणा नाही. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने २०२४ मध्ये मौनशिबिरांनंतर कोसळलेल्या लोकांच्या कहाण्या ध्वनिमालिकेतून मांडल्या, तेव्हा हा प्रश्न जगभर चर्चेला आला. शिबिरे घेणाऱ्या संस्थांनी जोखीम आधी सांगणे, शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवणे, झोपेला हात न लावणे आणि स्थानिक मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क ठेवणे यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही नाही. डॉक्टरांनीही रुग्णाच्या अनुभवाला हसू नये. हसले की तो पुन्हा येत नाही. जिथे हसत नाहीत तिथे जातो. घरी काय करावे हे सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

गोपी कृष्ण अखेरपर्यंत कुंडलिनीवर विश्वास ठेवून होते. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर या विषयाचा शास्त्रीय अभ्यास व्हावा असा त्यांचा आग्रह होता. पण त्या बारा वर्षांत त्यांनी स्वतःपुरता एक साधा धडा घेतला होता: पोट रिकामे ठेवायचे नाही, थोड्या-थोड्या वेळाने खायचे, विश्रांती घ्यायची आणि शरीर झेपेल तेवढेच करायचे. पत्नीने त्यांच्या खाण्यापिण्याची राखण केली. प्रकाशाचा अनुभव सोसायलाही शेवटी जेवण, झोप आणि शेजारी बसणारे माणूस लागते. हे सारे आधी जुळवून मगच शिबिराचा अर्ज भरावा.